बाळंतपण, नोकरी आणि कायद्याची भाषा

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसले. व्याकरणाच्या तासाला त्या एक प्रश्न हमखास विचारीत : ‘वाक्यातला कर्ता कोण?’ प्रश्न व्याकरणाचा असे. पण पुढे आयुष्यात अनेक कागदांसमोर तो मला पुन्हा पुन्हा आठवला. मी कायद्याची अभ्यासक नाही. जन्मभर मराठी शिकविले, जुन्या गद्याच्या भाषेवर प्रबंध लिहिला. तेव्हा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या नोकरदार स्त्रीचे हक्क हा विषय मी का निवडला, असा प्रश्न व्यवस्थापक मंडळाच्या काही सदस्यांना पडला होता. त्याचे उत्तर एका कागदात आहे.

तो कागद म्हणजे माझा राजीनामा. १९७९ साली मी एका महाविद्यालयात अधिव्याख्याता होते. सातवा महिना लागला तेव्हा मला कार्यालयात बोलावून अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले की, सत्राच्या मध्येच रजा दिली तर विद्यार्थ्यांचे नुकसान होईल. त्यापेक्षा आपण आता राजीनामा द्यावा, बाळ जरा मोठे झाले की आपल्याला पुन्हा घेऊ. मी घरी जाऊन अर्ज लिहिला. ‘कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने’ अशी त्याची सुरुवात होती. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती. अडीच वर्षांनी मला खरोखरच परत घेण्यात आले, शब्द पाळला गेला. मात्र नवी नेमणूक म्हणून. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार होताना, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, लेखनिकाने माझ्यापुढे सेवापुस्तक ठेवून विचारले, ‘मॅडम, ही आधीची सेवा धरता येत नाही. तुम्ही राजीनामा दिलेला दिसतो.’ दिला होता, हे खरेच होते. त्या संस्थेच्या सेवानियमांत प्रसूतिरजेचे कलम तेव्हाही होते, आणि ते पुस्तक ग्रंथालयात माझ्या टेबलापासून दोन कपाटे सोडून होते. मी ते उघडले नाही.

बाईंना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘अगं, सही करण्याआधी मला विचारायचं नाहीस?’ आज सभागृहात माझ्या विद्यार्थिनींच्या मुली बसल्या आहेत. त्यांनी कोणाला तरी विचारावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आपल्याकडे ह्या कायद्याचा इतिहास बराच जुना आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे नारायण मल्हार जोशी गेले होते. त्या परिषदेने प्रसूतीविषयी जो करार संमत केला त्यात बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेऊ नये, आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा अर्धा अर्धा तास द्यावा, असे म्हटले होते. जोशींनी पुढे १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ साली असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. त्यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे ही तिच्यावरची मेहेरबानी नसून राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलणे योग्य. परंतु स्त्रीच्या श्रमाचा फायदा ज्या मालकाला होतो त्यालाही त्यातून सुटका नाही, असा त्याचा आशय. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, पुढल्या वर्षी मध्यप्रांताचा, १९४१ साली खाणींतल्या स्त्रियांसाठी मध्यवर्ती कायदा. स्वतंत्र भारताचा सर्वंकष प्रसूतिलाभ अधिनियम १९६१ सालचा. म्हणजे मी राजीनामा लिहिला तेव्हा त्याला अठरा वर्षे झाली होती.

ह्या अधिनियमाच्या नावातच मला एक अडचण दिसते. ‘लाभ’ ह्या शब्दाला मराठीत दानाचा, कृपेचा किंवा निदान योगायोगाचा वास आहे. दर्शनाचा लाभ होतो, धनलाभ होतो. कामाचा मोबदला मिळणे ह्याला आपण लाभ म्हणत नाही. कायद्याच्या कलमांत मात्र भाषा स्पष्ट आहे : स्त्रीला हे मिळण्याचा हक्क असेल आणि मालक ते देण्यास बांधील असेल. नावात लाभ, कलमात हक्क. व्यवहारात लोक नाव वाचतात, कलम वाचत नाहीत.

आता कलमांकडे वळते. १९६१ चा अधिनियम आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि तो तीत सामावला गेला. पण प्रसूतीसंबंधीच्या तरतुदी बहुतांशी त्याच आहेत. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ऐंशी दिवस काम झालेले असावे, ही मूळ अट. पूर्वी हे दिवस एकशे साठ होते. १९८८ च्या दुरुस्तीने निम्मे झाले. रजा पूर्वी बारा आठवड्यांची होती. २०१७ पासून ती सव्वीस आठवड्यांची आहे आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ प्रसूतीपूर्वी घेता येतात. जिची दोन वा अधिक मुले हयात आहेत तिला बाराच आठवडे. तीन महिन्यांहून लहान मूल दत्तक घेणाऱ्या मातेलाही बारा आठवड्यांची तरतूद झाली. गर्भपात झाला तर सहा आठवडे. प्रसूतीमुळे आजारपण आले तर आणखी एक महिना. ह्या सर्व काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या दराने पैसे मिळतात. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ द्यावयाची असते आणि उरलेली, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत. अठ्ठेचाळीस तास! हे वाचून ज्यांना हसू आले त्यांनी कार्यालयात काम केलेले असणार.

रजेचा लेखी अर्ज आधी द्यावा हे बरे. परंतु आधी दिला नाही म्हणून हक्क बुडत नाही, बाळंतपणानंतरही तो देता येतो. रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढणे, किंवा तिच्या नोकरीच्या शर्ती तिच्या नुकसानीला कारण होतील अशा बदलणे, बेकायदेशीर आहे. शिक्षिकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक तरतूद आहे. प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती कामावर येत असेल तर तेव्हाही, तिने विनंती केल्यास कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम तिला देता येत नाही, आणि काम हलके दिले म्हणून पगार कापता येत नाही. सलग पाच तास फळ्यापुढे उभे राहणे हे फार वेळ उभे राहणे आहे की नाही, ह्याचा निवाडा मी श्रोत्यांतल्या शिक्षिकांवर सोपविते. खुर्ची मागणे हा आळस नव्हे.

प्रसूतीनंतर सहा आठवडे तर स्त्रीला कामावर घेण्यासच बंदी आहे. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणत असत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंधारी खोली, ह्या सगळ्यातले शास्त्र किती आणि रूढी किती हा वाद बाजूला ठेवू. परंतु बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेरच्या कामाला हात लावू नये ही समजूत आणि बेचाळीस दिवसांचे कलम, ही दोन्ही शरीराच्या एकाच गरजेकडे पाहून झाली आहेत. फरक एवढाच की, सव्वा महिना पाळणे सासरच्या मर्जीवर आणि घरच्या ऐपतीवर होते. शेतमजुराच्या घरात तो पाळला जात नव्हता.

शब्दांच्या अभ्यासकाला मोह पडावा असा एक खटला येथे सांगितला पाहिजे. आपल्या ‘आठवडा’ ह्या शब्दात आठ आहेत, कारण आपण दोन्ही टोकांचे वार मोजतो. इंग्रजी कायद्याचा आठवडा सातांचा. कोइमतूर जिल्ह्यातल्या एका मळ्याच्या मालकाने तो सहांचा केला. १९६७ साली बाळंत झालेल्या एका मजूर स्त्रीला बारा आठवड्यांचे वेतन देताना त्याने रविवार वगळले, कारण रविवारी मळ्यात काम नसे आणि मजुरीही नसे. सहा गुणिले बारा, बहात्तर दिवस. ती स्त्री म्हणाली, सात गुणिले बारा, चौऱ्याऐंशी. बारा रविवारांच्या मजुरीचा हा तंटा कामगार न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ साली निकाल लागला : कायद्यातला आठवडा म्हणजे ओळीने सात दिवस, रविवारासह. न्यायालयाने कारण दिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. हा कायदा स्त्रीचे व बाळाचे पोषण व्हावे, तिची झीज भरून निघावी ह्यासाठी आहे. तेव्हा शब्दाचा अर्थ त्या हेतूला धरून लावावयाचा. पोटाला रविवारची सुटी नसते, हे मळ्याच्या मालकाला कळण्यास दहा वर्षे लागली.

पुढचे निकालही असेच कोणा एका स्त्रीने चिकाटी धरली म्हणून लागले. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाचा, हवाई सेविकेला पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरीवरून काढण्याचा, नियम रद्द केला. त्याच निकालात पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली गेली, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका परिवीक्षाधीन कर्मचारी स्त्रीचा खटला झाला. नेमणुकीच्या वेळी भरून घेतलेल्या छापील तक्त्यात पाळीच्या तारखांविषयी आणि गर्भारपणांविषयी प्रश्न होते, आणि उत्तर चुकीचे दिले ह्या कारणाने तिला काढले होते. न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले आणि ते प्रश्नच तक्त्यातून काढण्यास सांगितले. ८ मार्च २००० रोजी दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या स्त्रियांचा निकाल आला. त्या खंदक खणत होत्या, रस्ते करीत होत्या, वर्षानुवर्षे हजेरीपटावर होत्या. पालिकेचे म्हणणे असे की कायम नोकरांनाच प्रसूतिरजा आहे. हा भेद न्यायालयाने मानला नाही. २०२३ मध्ये ठरले की, कंत्राटी नेमणुकीची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी प्रसूतीचे वेतन थांबत नाही. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला, पहिल्या लग्नाची दोन मुले असताना दुसऱ्या लग्नातल्या मुलासाठी नाकारलेली रजा सर्वोच्च न्यायालयाने मिळवून दिली आणि प्रसूतिरजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग असल्याचे सांगितले.

कंत्राटी नेमणुकीचा निकाल आपल्या भागाला विशेष लागू आहे. सीमाभागातल्या शाळा-महाविद्यालयांत आज कितीतरी मुली ‘अतिथी’ म्हणून शिकवितात. अतिथी हा फार सुंदर शब्द; ज्याची तिथी ठरलेली नाही तो. ह्या अतिथींची जाण्याची तिथी मात्र नेमणूकपत्रात ठरलेली असते.

आता अंगावर पाजण्याविषयी. सभागृहात हा विषय निघाला की पुरुष श्रोते पंख्याकडे पाहू लागतात, हे मी मघाशी पाहिले. त्यांनीही ऐकावे. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सव्वीस आठवड्यांचा आकडा त्या सहा महिन्यांशी जुळतो. परंतु सहा महिन्यांनंतर दूध थांबत नाही, वरच्या अन्नाबरोबर ते चालूच राहावयाचे असते. आणि दूध हे भांड्यात साठविलेल्या पाण्यासारखे नाही. बाळाच्या ओढीवर ते उतरते. आठ-नऊ तास ओढ लागली नाही तर पहिल्या दिवसांत छाती भरून येते, दुखते, कधी ताप येतो. आणि हळूहळू दूधच कमी होते. माझ्या पिढीतल्या कितीजणींनी ‘मला दूधच पुरेसे नव्हते’ असे म्हटले असेल. त्यांतल्या अनेकींचे दूध वेळापत्रकाने आटविलेले होते.

बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन विश्रांत्या पाजण्यासाठी द्याव्यात आणि त्यांबद्दल पगार कापू नये, असे कायदा म्हणतो. किती वेळाच्या? १९६३ च्या खाणी व सर्कस ह्यांसाठीच्या केंद्रीय नियमांत ती प्रत्येकी पंधरा मिनिटे ठरविली होती, आणि पाळणाघरापर्यंत जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. १९१९ सालच्या वॉशिंग्टन कराराचा अर्धा तास आपल्याकडे येईपर्यंत निम्मा झाला. पंधरा मिनिटांत बाळ जागे करणे, पाजणे, ढेकर काढणे आणि पदर सावरून जागेवर येणे हे गणित ज्याने मांडले त्याने बाळ हातात घेतलेले नसावे. आणि मुळात बाळ जर चार मैलांवर घरी असेल तर ह्या विश्रांतीत बाईने करायचे काय? चहा प्यायचा?

म्हणून पाळणाघराचे कलम हा ह्या सगळ्याचा कणा आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे होते. ह्यात मेख अशी होती की, स्त्रियांची संख्याच मोजली जाई. तिसाव्या नावापाशी हजेरीपट थांबविणे कोणालाही कठीण नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीने हिशेब बदलला : पन्नास वा अधिक माणसे, स्त्री-पुरुष मिळून, जेथे काम करतात तेथे ठराविक अंतरात पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे. बाळ हे एकट्या स्त्रीचे नाही, हे आकडेमोडीतून मान्य करणारी ही तरतूद मला फार आवडते. ती पाळली गेल्याचे मी आमच्या बेळगावात क्वचितच पाहिले आहे. येथे बाईंची एक आठवण सांगते. आपल्या शाळेला असे कोणतेही बंधन नव्हते त्या काळात त्यांनी शिक्षक-कक्षाला लागून असलेल्या नकाशांच्या खोलीत झोळी बांधून घेतली होती. शिपाईबाई झोका देत. भारताच्या भिंतीवरच्या नकाशाखाली किती बाळे झोपली असतील! त्यांतली दोन आज ह्या सभागृहात आहेत; नावे सांगत नाही.

मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. सहा महिन्यांचा पगार एकट्या मालकाने द्यावयाचा म्हटले की, छोटा संस्थाचालक मुलाखतीतच मुलीचे वय आणि बोटातली अंगठी पाहू लागतो. ह्यावर उपाय आहे तो विम्याचा. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, मग त्या ठिकाणी स्त्रिया असोत वा नसोत. आणि प्रसूतीचे वेतन महामंडळ देते. गरोदर स्त्रीला ठेवल्याने मालकाचा वेगळा खर्च होत नाही. परंतु ह्या योजनेला वेतनाची मर्यादा आहे, २०१७ पासून ती महिना एकवीस हजारांची ठरली. त्यावरच्या पगाराच्या स्त्रीचा भार पुन्हा मालकावर. आंबेडकरांनी १९२८ साली म्हटले होते की हा भार मुख्यतः सरकारने घ्यावा. ते आपण अजून पुरतेपणी ऐकलेले नाही.

आणि जिला मालकच सांगता येत नाही तिचे काय? दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे येतात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याची, मजुरी कोयत्याची. हजेरीत बाईचे नावच नाही; ती अर्धा कोयता आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे ऐंशी दिवसांची अट ती सहज पुरी करते. पण कोणाकडे? कारखाना म्हणतो मुकादमाकडे, मुकादम म्हणतो मी फक्त टोळी आणतो. काम चुकले तर ‘खाडा’ लागतो, म्हणजे मिळणे दूरच, उलट दंड. दोन जिवांची बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते आणि कोपीत बाळंत होते. बीडमधल्या ह्या स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली महाराष्ट्र शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली. बाईंचा प्रश्न येथे शब्दशः लागू पडतो : वाक्यातला कर्ता कोण? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळू लागले, पुढे दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार. कायद्यातल्या आकड्यापेक्षा योजनेतला आकडा लहान कसा, हे मला समजलेले नाही. सव्वीस आठवड्यांच्या मजुरीशी त्या रकमेची तुलना श्रोत्यांनी घरी जाऊन करावी.

शेवटी एका लहानशा कलमाकडे लक्ष वेधते. जेथे जेथे स्त्रिया काम करतात तेथे ह्या तरतुदींचा गोषवारा, त्या स्थळाच्या भाषेत वा भाषांत, ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. १९६१ च्या कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. स्थळाची भाषा कोणती, ह्या प्रश्नावर आपल्या शहरात किती डोकी फुटली ते मी सांगावयास नको. परंतु चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हा गोषवारा कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही भाषेत पाहिलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या एक कन्नडच्या निवृत्त प्राध्यापक मैत्रीण बसलो आणि तो तयार केला, एका पानावर दोन रकाने, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. ‘कोणती डावीकडे’ ह्यावर अर्धा तास गेला, नाणे उडविले. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तो शिक्षक-कक्षात वेळापत्रकाशेजारी लावला आहे आणि त्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. पाजण्याच्या विश्रांतीला सरकारी मराठी शब्द पुष्कळ सापडले, सगळे जोडाक्षरांनी भरलेले. आम्ही ‘बाळाला पाजण्याची सुटी’ असे लिहिले आहे.